विश्लेषण : लोणावळ्याच्या कातळात चिलखती डायनासोर सापडेल का?

पावसाळा संपता संपता लोहगड, विसापूर, राजमाची किंवा तुंगच्या वाटेवर एखादा दगड हमखास लक्ष वेधून घेतो. काळपट, कासवाच्या पाठीसारखा फुगीर आणि वर पांढुरक्या गाठींची नक्षी. कुणीतरी मोबाइल काढतो, फोटो ग्रुपवर जातो आणि खाली प्रश्न येतो, ‘डायनासोरचं कवच तर नाही?’ प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अंगावर हाडांच्या तबकड्या वागवणारे डायनासोर खरोखर होते. भारतातही त्यांचे अवशेष मिळाल्याचे दावे शंभर वर्षांपासून होत आले आहेत. त्यातला सर्वांत गाजलेला दावा पुढे डळमळीत झाला, कारण हाड कोणाचे आणि ते कुठल्या थरात, कशाशेजारी मिळाले या दोन गोष्टींची गल्लत झाली होती. मावळातल्या दगडालाही हेच दोन प्रश्न विचारावे लागतात.

दगडावरच्या गाठी कशाच्या?

मावळातला कातळ हा बेसाल्ट आहे, म्हणजे थिजलेला लाव्हा. कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी याच खडकात कोरलेली आहेत. लाव्हा थंड होताना त्यातले वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर येतात आणि बरेचसे वाटेतच अडकतात. सोड्याची बाटली उघडल्यावर फेस येतो आणि तो फेस तसाच गोठावा, तसा हा प्रकार. पुढे लाखो वर्षे या पोकळ्यांतून पाणी झिरपते आणि त्यातली खनिजे आत साठतात. झिओलाइट, कॅल्साइट, कॅल्सेडनी अशी त्यांची नावे. गावाकडे या सगळ्यांना सरसकट गारगोट्या म्हणतात. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतले निळेशार कॅव्हन्साइट जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे, तेही बेसाल्टमधल्या अशाच पोकळ्यांतले.

मावळात पाऊस प्रचंड. भोवतीचा बेसाल्ट आधी झिजतो आणि पोकळीत भरलेले कठीण खनिज गाठीसारखे वर उरते. पाठीवरच्या ‘काट्यांची रांग’ दिसते ती बहुतेक वेळा अशी. फुगीर आकाराचे कारण वेगळे. भेगांनी तुकडे झालेल्या कातळात पाणी शिरते, कोपऱ्यांना दोन-तीन बाजूंनी खाते आणि चौकोनी ठोकळा हळूहळू गोल होत जातो. त्याचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. रस्त्यासाठी डोंगर कापला की मुरमात असे गोल गोटे अर्धवट रुतलेले दिसतात. ते पाहून अंडीसुद्धा आठवतात.

आणखी दोन फसवे आकार आहेत. थंड होताना लाव्हा आकसतो आणि त्याला पाच-सहा कोनांच्या भेगा पडतात. झिजलेल्या सपाटीवर अशा खांबांची टोके उघडी पडली की फरसबंदी केल्यासारखी किंवा कासवाच्या पाठीवरच्या खवल्यांसारखी रचना दिसते. दुसरा आकार दोरखंडासारख्या वळ्यांचा. पातळ लाव्ह्याची वरची साय खालच्या प्रवाहाबरोबर ओढली जाऊन सुरकुतते. दुधावरची साय बोटाने सरकवली की दिसते तसे. ही सुरकुतलेली कातडी दगडात जशीच्या तशी राहते.

घरच्या घरी करता येणारी एक चाचणी आहे. बाजारात मिळणारा लहान पण ताकदवान निओडिमियम चुंबक दोऱ्याला टांगून दगडाजवळ न्यावा. बेसाल्टमध्ये लोहयुक्त मॅग्नेटाइट असल्याने चुंबक किंचित ओढला जातो. हाडाच्या जीवाश्माकडे तो सहसा ढिम्म राहतो. ही चाचणी अंतिम नाही, कारण काही जीवाश्मांतही लोह मुरलेले असते. पण ग्रुपवरची चर्चा आटोपायला बहुतेक वेळा तेवढी पुरते.

लाव्ह्यात हाड टिकत नाही का?

सह्याद्री घडवणारा लाव्हा बाहेर आला तेव्हा त्याचे तापमान अकराशे अंश सेल्सिअसच्या आसपास होते. त्यात सापडलेल्या हाडातला सेंद्रिय भाग जळून जातो, उरलेले खनिज ठिसूळ होऊन फुटते. शिवाय जीवाश्म व्हायला मुळात हवा असतो गाळ. नदीचा, तळ्याचा किंवा समुद्राचा बारीक गाळ प्राण्याला लवकर झाकतो, हवा तोडतो आणि पुढे सावकाश हाडाच्या छिद्रांत खनिजे भरतात.

नियमाला एक भन्नाट अपवाद अमेरिकेत आहे. वॉशिंग्टन राज्यात १९३५ मध्ये बेसाल्टच्या कड्यात एक विचित्र आकाराची पोकळी आढळली. ती निघाली गेंड्याची. तळ्यात पडलेल्या गेंड्यावर लाव्हा वाहत आला, पाण्यामुळे पटकन थिजला आणि फुगलेल्या देहाचा साचा तयार झाला. आत दात आणि हाडांचे थोडे तुकडेही मिळाले. तो लाव्हाही दख्खनसारखाच विस्तीर्ण पठार घडवणारा, पण वयाने खूप लहान, सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वीचा. साऱ्या जगात अशी उदाहरणे बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

मात्र लाव्हा एका दमात वाहिला नव्हता. दोन प्रवाहांमध्ये कधी कधी शेकडो, कधी हजारो वर्षांची उसंत असे. त्या काळात खोलगट जागी तळी साचत, गाळ बसत असे. त्यावर पुढचा लाव्हा आला की गाळाचा थर मध्ये सापडे. भूशास्त्रज्ञ त्याला इंटरट्रॅपी थर म्हणतात. नागपूर-चंद्रपूरकडे असे थर पुष्कळ आहेत. मुंबईत वरळीच्या टेकडीतल्या अशाच थरातून एकोणिसाव्या शतकात चिमुकल्या बेडकांचे सांगाडे मिळाले, मुंबईच्याच थरांतून कासवेही मिळाली. पण मुंबईचे ते थर डायनासोर संपल्यानंतरचे. लोणावळ्याच्या घाटात तळ्याच्या गाळाचे थर दुर्मीळ, दिसतो तो बहुधा लाल पट्टा. त्याची गोष्ट पुढे येते.

लोणावळ्याचा कातळ बनला तेव्हा डायनासोर होते का?

होते. आणि इथे लोणावळ्याचे नाव थेट जागतिक भूशास्त्रात जाते.

१९८०च्या दशकात आयआयटी मुंबईचे के. व्ही. सुब्बाराव, पीटर हूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सह्याद्रीतल्या लाव्हा प्रवाहांची रासायनिक ओळख पटवून त्यांची क्रमवारी लावली. सगळे प्रवाह दिसायला काळेच, पण प्रत्येकातल्या मूलद्रव्यांचे प्रमाण थोडे वेगळे. इमारतीचे मजले मोजावेत तसे थर मोजले गेले. सर्वांत खालच्या गटाला नाव मिळाले कळसूबाई, मधल्याला लोणावळा आणि वरच्याला वाई. लोणावळा उपगटात खंडाळा आणि बुशे असे दोन थरसमूह आहेत. त्यांच्या वर पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. एसटीच्या थांब्यांची यादी वाटावी अशी ही नावे आज प्रिन्स्टन आणि बर्कलेच्या शोधनिबंधांत असतात.

२०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दोन गटांनी या थरांची नवी वये प्रसिद्ध केली. प्रिन्स्टनच्या ब्लेअर शोन यांच्या गटाने झिरकॉन या खनिजातल्या युरेनियमचे शिशात रूपांतर मोजले, तर बर्कलेतून काम करणाऱ्या कोर्टनी स्प्रेन यांच्या गटाने बेसाल्टमधल्या स्फटिकांतल्या आरगॉनवरून वय काढले. बेसाल्टमध्ये झिरकॉन जवळपास नसतो. तो मिळाला प्रवाहांच्या मधल्या थरांत, त्यात प्रामुख्याने लाल पट्टे होते. मुंबई-पुणे प्रवासात घाटातल्या कापलेल्या कड्यावर काळ्या खडकांच्या मधोमध गेरूसारखी लाल रेघ दिसते, ती याच प्रकारची. दोन उद्रेकांमधल्या काळात हवा-पाण्याने तयार झालेली माती आणि काही ठिकाणी त्यात पडलेली ज्वालामुखीची राख, वरच्या लाव्ह्याने भाजून निघालेली.

डायनासोरांचा अंत झाला ती सीमा ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची. मेक्सिकोजवळ अशनी आदळला, तो हाच क्षण. हा क्षण सह्याद्रीच्या नेमक्या कोणत्या थराजवळ बसतो यावर दोन्ही गटांत मतभेद आहेत. पण तो लोणावळा उपगटाच्या वर, पोलादपूरच्या तळापासून आंबेनळीच्या सुरुवातीपर्यंत कुठेतरी येतो, इतपत त्यांचे निष्कर्ष जुळतात. म्हणजे खंडाळ्याचा लाव्हा वाहत होता तेव्हा भारतात डायनासोर वावरत होते. कदाचित त्या लाल मातीवरून चाललेही असतील. त्यांची हाडे जपणारा गाळ मात्र इथे फारसा साचला नाही.

मग कातळाच्या खाली?

हा प्रश्न योग्य आहे, कारण मध्य भारतातले बहुतेक डायनासोर लाव्ह्याच्या खालीच मिळाले आहेत. लाव्हा येण्याआधीच्या नद्या-तळ्यांचा गाळ म्हणजे लामेटा थर. जबलपूर, नागपूर-चंद्रपूर, गुजरातमधले बालासिनोर, मध्य प्रदेशातले धार या भागांत तो उघडा आहे.

सह्याद्रीत या गाळापर्यंत पोहोचायचे तर खोल छिद्र घ्यावे लागेल. ते दोन ठिकाणी घेतले गेले, अर्थात भूकंपांच्या अभ्यासासाठी. किल्लारीला १९९३च्या भूकंपानंतर घेतलेल्या विंधणात ३३८ मीटर बेसाल्टखाली जेमतेम ८ मीटर गाळ मिळाला आणि त्याखाली प्राचीन खडक. कोयनेजवळ रासाटीला बेसाल्टची जाडी सुमारे ९३३ मीटर भरली आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटसारखा पायाचा खडक. मधला गाळ नाहीच. कोयना लोणावळ्यापासून सरळ रेषेत दीडशे किलोमीटरवर आहे, त्यामुळे मावळाखाली अगदी तसेच असेल असे म्हणता येत नाही. पण ‘खाली खणत गेलो की डायनासोर लागणारच’ हा समज या दोन छिद्रांपुढे टिकत नाही.

चिलखती डायनासोर म्हणजे नेमके कोण?

त्वचेच्या आत तयार होणाऱ्या हाडाच्या तबकडीला ऑस्टिओडर्म म्हणतात. मगरीच्या पाठीवरचे उंचवटे हे ऑस्टिओडर्मच. डायनासोरांत अशा तबकड्यांसाठी प्रसिद्ध असलेले दोन गट म्हणजे पाठीवर उभ्या फळ्या असलेले स्टेगोसॉर आणि रणगाड्यासारखे बसके अँकिलोसॉर. दोघेही शाकाहारी, चार पायांवर चालणारे.

गोम अशी की तबकड्या फक्त यांच्याकडे नव्हत्या. मगरींना असतात, कासवाची ढाल हाडांचीच असते आणि लांब मानेच्या महाकाय टायटनोसॉरांपैकी काहींच्या कातडीतही त्या होत्या. अर्जेंटिनात मिळालेल्या अशा तबकड्यांवरून जर्मन जीवाश्मशास्त्रज्ञ फ्रिडरिक फॉन ह्युने यांनी १९२९ मध्ये लोरिकोसॉरस नावाचा अँकिलोसॉर जाहीर केला. १९८० मध्ये त्याच देशात सॉल्टासॉरसचे वर्णन झाले, लांब मानेचा आणि अंगावर तबकड्या असलेला. तेव्हा लक्षात आले की ह्युनेंच्या तबकड्याही टायटनोसॉरच्या होत्या.

वेगळेपण ओळखायचे ते आतून. तबकडीचा काप घेऊन तो सुमारे ०.०३ मिलिमीटर इतका पातळ घासतात, म्हणजे त्यातून प्रकाश आरपार जातो. मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. अँकिलोसॉरच्या हाडात तंतूंच्या जुड्या ठरावीक कोनांत एकमेकींना छेदत विणल्यासारख्या दिसतात. टायटनोसॉरची तबकडी आतून जाळीदार असते, क्वचित पोकळही. मादागास्करच्या रापेटोसॉरसची एक तबकडी जवळपास दहा लिटर आकारमानाची आणि आतून पोकळ निघाली. चिलखतापेक्षा खनिजांचा साठा म्हणून तिचा उपयोग असावा, असे संशोधकांचे म्हणणे. मादागास्कर आणि भारत सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत जोडलेले होते, म्हणून हे उदाहरण आपल्यासाठी दूरचे नाही.

बेसाल्टच्या गाठीचा असाच काप घेतला तर हाडाच्या नळ्या किंवा तंतू न दिसता एकमेकांत अडकलेले खनिजांचे स्फटिक दिसतात. तिथे वाद उरत नाही.

जबलपूरला काय घडले?

भारतातल्या डायनासोरांची कथा जबलपूरपासून सुरू होते. तिथे १८२८ मध्ये कॅप्टन स्लीमन यांना काही हाडे मिळाली. ठगांचा बंदोबस्त करणारे म्हणून इतिहासाच्या पुस्तकांत भेटतात तेच हे स्लीमन. त्या हाडांवरून रिचर्ड लायडेकर यांनी १८७७ मध्ये टायटनोसॉरस इंडिकस हे नाव दिले. (ही हाडे पुढे अनेक दशके बेपत्ता होती. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे आणि सहकाऱ्यांनी कोलकात्याच्या संग्रहात त्यातला शेपटीचा मणका २०१२ मध्ये पुन्हा ओळखला.)

त्याच शहरातल्या बडा सिमला टेकडीवर १९१७ ते १९१९ या काळात चार्ल्स मॅटली यांनी उत्खनन केले. एका थरात त्यांना कटीची हाडे, नडगीचे हाड, काटे आणि ढीगभर तबकड्या मिळाल्या. १९२३ मध्ये त्यांनी हा सारा ऐवज एकाच प्राण्याचा मानून लॅमेटासॉरस इंडिकस हा नवा चिलखती डायनासोर जाहीर केला. शाकाहारी, स्टेगोसॉरांच्या नात्यातला. भारतात चिलखती डायनासोर होता, हे त्या दिवसापासून पुस्तकांत आले.

बारा वर्षांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयाचे डी. के. चक्रवर्ती यांनी लेख लिहिला. त्याचे शीर्षकच प्रश्नार्थक होते, लॅमेटासॉरस हा खरोखर चिलखती डायनासोर आहे का, असे विचारणारे. त्यांचा आक्षेप साधा होता. हा थर म्हणजे अनेक प्राण्यांच्या हाडांची सरमिसळ. सांगाडा जोडलेल्या अवस्थेत नव्हता. मग कटी आणि तबकड्या एकाच प्राण्याच्या कशावरून? शेजारी पडले म्हणून?

काळाने चक्रवर्तींची बाजू बळकट केली. कटी आणि पायाची हाडे आज एबेलिसॉर या मांसाहारी गटातली मानली जातात, गुजरातमधल्या राहिओलीच्या राजासॉरसचे भाऊबंद. राजासॉरसचे वर्णन २००३ मध्ये झाले तेव्हा ही तुलना नीट करता आली. तबकड्या कोणाच्या, हा प्रश्न मागे राहिला. भारतातला टायटनोसॉरचा पहिला निर्विवाद ऑस्टिओडर्म २००९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तबकडी म्हणजे अँकिलोसॉर हे समीकरण इथेही मोडले. थोडक्यात, भारताचा सर्वांत प्रसिद्ध चिलखती डायनासोर हा बहुधा एका शिकारी डायनासोरची कटी आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी तबकड्या यांची बेरीज आहे.

मॅटलींना दोष देणे सोपे आहे, पण त्यांच्याकडे तुलनेसाठी ना राजासॉरस होता ना सॉल्टासॉरस. खरी अडचण नंतरच्या पिढ्यांची झाली. उत्खननात कोणते हाड नेमके कुठे, कोणत्या दिशेला, कशापासून किती अंतरावर होते, याचा सविस्तर नकाशा असता तर वाद इतका लांबला नसता. आज कुठल्याही उत्खननात पहिल्या दिवशी चौकटी आखून असा नकाशा करतात तो यासाठीच.

दक्षिणेतही असाच प्रकार झाला. तमिळनाडूतल्या अरियालूर भागातून १९७९ मध्ये द्रविडोसॉरस हा स्टेगोसॉर जाहीर झाला. पण तो समुद्रात साचलेल्या थरातला. १९९६ मध्ये शंकर चॅटर्जी आणि धीरज रुद्र यांनी ती हाडे प्लेसिओसॉर या सागरी सरपटणाऱ्या प्राण्याची असल्याचे मत मांडले.

महाराष्ट्रात शोधायचेच तर कुठे?

मावळापासून शेकडो किलोमीटर पूर्वेला, विदर्भात. गडचिरोलीच्या सिरोंचा तालुक्यातल्या, प्राणहितेकाठच्या कोटा गावावरून ‘कोटा फॉर्मेशन’ या थरसमूहाचे नाव पडले आहे. हा थर दख्खनच्या लाव्ह्यापेक्षा दहा कोटी वर्षांहून अधिक जुना, ज्युरासिक काळातला. तो महाराष्ट्र आणि तेलंगणच्या सीमेवर दोन्ही बाजूंना पसरला आहे. सिरोंचाजवळच्या वडधमला याच काळातल्या वृक्षांच्या आणि डायनासोरांच्या जीवाश्मांसाठी उद्यान केले आहे.

तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या, म्हणजे आताच्या तेलंगणातल्या कोटा थरांतून चिलखती डायनासोरची नोंद भारतीय संशोधकांनी २००२ मध्ये केली. २०१९ मध्ये पीटर गाल्टन यांनी त्या तबकड्यांचा पुन्हा अभ्यास केला आणि त्या अँकिलोसॉरच्याच, तेही जगातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी, असा निष्कर्ष काढला. लॅमेटासॉरस डळमळला, पण त्याहून कितीतरी जुन्या थरातला हा पुरावा उभा आहे. कोटा गाव आणि त्याच थरांचा काही भाग महाराष्ट्रात आहे, ही बाब राज्याच्या पर्यटन पत्रकांत क्वचितच दिसते.

दुसरी जागा चंद्रपूर जिल्ह्यातली, वरोरा तालुक्यातले पिसदुरा आणि जवळचे डोंगरगाव. इथला लामेटा थर लाल चिकणमातीचा. डोंगरगावच्या टेकडीतून मिळालेल्या लांब मानेच्या डायनासोरचे आजचे नाव इसिसॉरस, ते इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून आले. संख्याशास्त्राच्या संस्थेचे नाव डायनासोरला मिळाल्याचे हे जगातले एकमेव उदाहरण असावे. पिसदुऱ्याला विष्ठेचे जीवाश्म मोठ्या संख्येने मिळतात. २००५ मध्ये त्यांतून गवताचे सूक्ष्म सिलिका कण वेगळे काढले गेले आणि डायनासोरांच्या काळात गवत नव्हते हा पाठ्यपुस्तकी समज बदलला. इथेच कासवांचे अवशेषही आहेत. त्यामुळे विदर्भातल्या शेतात हाडाची तबकडी हाती लागली तर पहिला अंदाज कासवाचा, दुसरा मगरीचा, तिसरा टायटनोसॉरचा. अँकिलोसॉर रांगेत बराच मागे.

दगड मावळात आहे, म्हणून मावळचा?

जीवाश्म आता ऑनलाइन विकत मिळतात. कुणाच्या बंगल्यातल्या शोकेसमध्ये, कुणाच्या आजोबांच्या पेटीत खरी तबकडी असूही शकते. अशा वेळी हाडापेक्षा त्याला चिकटलेला खडक जास्त बोलका ठरतो. वाळूचे कण, चुन्याचा लेप, मातीचा रंग, त्यात अडकलेले सूक्ष्म शंख-शिंपले आणि परागकण यांवरून मूळ थर शोधता येतो. जमिनीतल्या पाण्यातून हाडात शोषल्या गेलेल्या दुर्मीळ मूलद्रव्यांचे प्रमाणही ठिकाणाचा ठसा म्हणून वापरतात.

लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने मोरोक्कोतली एक बरगडी व्यापाऱ्याकडून घेतली होती. तिच्यावरचे काटे थेट हाडाला जुळलेले. असे कुठल्याच प्राण्यात पाहिलेले नसल्याने कुणी चिकटवले तर नाहीत, अशी शंका आली. सीटी स्कॅनने बनावट नसल्याचे दाखवले आणि हाडाच्या कापात ते छेदणारे तंतू दिसले. २०२१ मध्ये स्पिकोमेलस हे नाव जाहीर झाले. पण एका बरगडीवरून प्राणी कसा दिसायचा हे कळत नव्हते. संशोधकांनी मूळ जागा शोधून काढली, तिथे आणखी हाडे मिळाली आणि २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये चित्र पूर्ण झाले. साडेसोळा कोटी वर्षांपूर्वीचा अँकिलोसॉर, मानेभोवतीचे काटे ८७ सेंटीमीटरपर्यंत लांब. जागा सापडली नसती तर तो बरगडीपुरताच राहिला असता.

याउलट कॅनडातला बोरिआलोपेल्टा. २०११ मध्ये अल्बर्टातल्या तेलवाळूच्या खाणीत यंत्रचालकाला वेगळ्या रंगाचा दगड लागला आणि त्याने काम थांबवले. जागा, थर, सारे काही नोंदले गेले. मार्क मिशेल या तंत्रज्ञाने सात हजारांहून अधिक तास दगड कोरून प्राणी मोकळा केला. प्रजातीला त्यांचेच नाव मिळाले. कातडी आणि तबकड्या मूळ जागी असलेला हा चिलखती डायनासोर जमिनीवरचा, पण खडक समुद्राचा. यावरून त्याचे धूड सुमारे ११ कोटी वर्षांपूर्वी नदीतून वाहत समुद्रात गेले, पाठीवर बुडाले आणि चिखलात झाकले गेले, हे कळले. थराची नोंद नसती तर ही गोष्ट कुणी सांगितली असती तरी पटली नसती.

काही सापडलेच तर?

मावळात सापडेल ते बहुधा बेसाल्टच असेल, तरी छिन्नी-हातोडी काढण्याआधी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. लोहगड, विसापूर, कार्ले आणि भाजे ही केंद्रीय संरक्षित स्मारके आहेत, लोहगड तर जुलै २०२५ पासून मराठा लष्करी स्थापत्याच्या किल्ल्यांबरोबर जागतिक वारसा यादीत आहे. तिथला कातळ फोडणे हा गुन्हा ठरतो. दुसरे म्हणजे, केंद्रीय खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये भूवारसा स्थळे आणि भू-अवशेषांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला होता. त्यात जीवाश्मही येतात.

विदर्भात किंवा इतरत्र गाळाच्या खडकात काही दिसले, तर ते तिथेच ठेवून शेजारी नाणे किंवा पेन ठेवून फोटो घ्यावा. एक जवळून, एक मागचा पूर्ण कडा किंवा शेत दिसेल असा. मोबाइलचे लोकेशन सुरू असेल तर अक्षांश-रेखांश फोटोतच नोंदले जातात. व्हॉट्सअॅपवरून साधा फोटो पाठवताना ही माहिती गळून जाते, म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून किंवा ईमेलने पाठवावा. पुण्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे कार्यालय, आघारकर संशोधन संस्था आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग आहे. विदर्भासाठी सर्वेक्षणाचे नागपूरचे कार्यालय जवळचे. पाऊस किंवा नांगरामुळे तुकडा आधीच सुटला असेल तर कागदात गुंडाळून, जागा आणि तारीख लिहून ठेवावा. तो धुऊ नये, फेव्हिकॉल किंवा पॉलिश लावू नये. त्याला चिकटलेली माती तर अजिबात काढू नये, प्रयोगशाळा आधी तीच मागते.